सोफासेट आला आणि माझी खुर्ची सेटवर गेली

चिरंजीव छोटूस थोरल्या बहिणीचे भरभरून आशीर्वाद.

आता पाकीट उलटंसुलटं करून "ही थोरली बहीण कोण?" असं बायकोला विचारायला स्वयंपाकघरात जाऊ नकोस. मी. तुला एकच आहे. लहानपणी तुझं नाक पुसायची ती. गेल्या खेपेला आमच्याकडून निघताना तू छत्री विसरलास, औषधांची डबी विसरलास, ते आम्ही समजून घेतलं. पण सुनेची चप्पल पायात घालून गेलास आणि घरी पोचल्यावर कळवलंस, की ताई, प्रवासाने पाय फार सुजलेत, डॉक्टरला दाखवावे म्हणतो. दाखवलेस का? त्याने किती घेतले? तुझी स्वतःची चप्पल अजून आमच्या दाराशी तुझी वाट बघते आहे. (सून विचारते, तिची चप्पल नवी होती हेही लिहू का? लिही म्हटलं.)

तुझी तब्येत बरी आहे ना? पोटाची तक्रार थांबली का, की तीही विसरलास? तसं झालं असेल तर औषधापेक्षा ते बरं. तुझ्या बायकोला माझा आशीर्वाद सांग, आणि तुला सांभाळते म्हणून वेगळा एक सांग. माझी प्रकृती ठणठणीत आहे. गुडघे सोडून. दात सोडून. आणि येत्या सोमवारी मी मरणार आहे, तेवढं सोडून. घाबरू नकोस, सगळं सांगते. पण पहिल्यापासून सांगते. मध्येच उठू नकोस, उठलास की कुठे बसला होतास ते तुला आठवायचं नाही. मी सांगते आहे आणि सून लिहिते आहे. मला अक्षरं येत नाहीत हे तुला ठाऊक आहे, पण दर चार ओळींनी मी तिच्याकडून वाचून घेते. कारण मागच्या पत्रात मी "सुनेचा आवाज हल्ली चढतो" असं सांगितलं होतं, आणि तू उत्तरात लिहिलंस, की सून हल्ली गाणं शिकते हे वाचून आनंद झाला.

तर छोटू, आमच्या घरात सध्या एका इंग्रजी शब्दाने उच्छाद मांडला आहे. शब्द एवढासा, जिभेवर ठेवला तर गोळीसारखा विरघळेल. सेट. मला आपलं वाटायचं, इंग्रजी म्हणजे मोठ्या घरची भाषा, तिच्याकडे वस्तूगणिक वेगळा शब्द असेल. कसलं काय! एकच शब्द घेतात आणि घरातल्या एकुलत्या एका सुरीसारखा सगळीकडे चालवतात. भाजी तिनेच चिरायची, पाकीट तिनेच फोडायचं आणि सैल झालेला स्क्रूही तिनेच पिळायचा. दातांच्या डॉक्टरकडे गेले, तर तो म्हणाला, आजी, तुमचा सेट तयार आहे. म्हणजे कवळी. ती तोंडात बसवली आणि म्हणाला, सेट व्हायला थोडे दिवस लागतील. म्हणजे दुखणार. घरी आले तर नात आरशासमोर उभी, हातात तो गरम वारा सोडणारा पंप (ती केसांच्या दुकानात कामाला आहे, हे तुला सांगितलं होतं), म्हणते, थांब आजी, केस सेट करते आहे. सून म्हणते, गजर सेट केलाय. मुलगा फोनवर कुणावर तरी खेकसतो, अरे हात नको लावू, गोंद सेट नाही झाला अजून! वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंच्या मुलाला परगावी नोकरी लागली, त्याने घर घेतलं, लग्न केलं, तर त्या जिन्यात मला अडवून सांगतात, आमचा मुलगा सेट झाला हो. मी विचारलं, गोंदासारखा का? तेव्हापासून त्या दुसऱ्या कठड्याने उतरतात. बशी फुटली म्हणून एक आणायला गेले, तर दुकानदार एकटी बशी देईना, म्हणे सेट आहे, फोडता येत नाही. (आम्ही एक फोडली होती, हे त्याला सांगून उपयोग झाला नाही.) खालचा पहिलवान रोज सकाळी धापा टाकत वर येतो आणि सांगतो, आज भरपूर सेट मारले. कुणाला मारले ते सांगत नाही. नातीच्या मैत्रिणी म्हणतात, हिचं त्या चष्मेवाल्याशी सेटिंग आहे. मी तिला विचारलं, तर म्हणते, "आजी, तुला त्यातलं काही कळत नाही गं." मला कळत नाही! एवढे सेट पचवून बसलेली बाई मी.

पण माझं भांडण यांच्यापैकी कुणाशी नाही. माझं भांडण सोफासेटशी आहे.

माझी खुर्ची तुला आठवते का? नसेलच. वेताची, डाव्या हाताचा वेत उसवलेला, बसायची जागा माझ्या मापाने खोलगट झालेली. माझे गुडघे कुरकुरायला लागले, तेव्हा तुझ्या मेव्हण्यांनी तिच्या चारही पायांखाली लाकडी ठोकळे ठोकून दिले. तुझे मेव्हणे सुतार नव्हते, त्यामुळे ते ठोकळे एकमेकांचं तोंड बघत नाहीत आणि खुर्ची जरा उंटासारखी डुलते. पण तिच्यावरून मी आपली आपण उठते. हात टेकायचे, नाक पुढे काढायचं, की उभी. कुणाला हाक नाही, कुणाचा हात नाही. दिवसातून कितीतरी वेळा मी नुसतीच उठून बघते, काम नसलं तरी.

सोफासेट आला आणि त्या खुर्चीच्या पोटावर पाय आला. मोठा एक, लहान दोन, तिघेही फुगलेले, जेवून आलेल्या पाहुण्यांसारखे. मुलगा म्हणाला, "आई, बस ना, पहिला मान तुझा." मी बसले आणि आत गेले. छोटू, त्याच्यावर माणूस बसत नाही, बुडतो. गुडघे कानापाशी आले, पाय जमिनीवरून सुटले. उठायला गेले तर आणखी खाली. शेवटी एका हाताला सून आणि एका हाताला नात, असं मला विहिरीतून बादली काढावी तसं काढलं. मी म्हटलं, सोफा सुरेख आहे, तुम्ही बसा, मी माझ्या खुर्चीवर बरी. तेव्हा चिरंजीव डोकं खाजवत म्हणाले, "आई, तुझी खुर्ची या सेटला शोभत नाही गं. कामावर नेऊ का? सेटवर जुनी खुर्ची हवी आहे. एका दिवसापुरती. उद्या आणतो."

मुलगा काय काम करतो ते तुला परत सांगायलाच हवं. तो मालिकांची घरं बांधतो. एका रिकाम्या गोदामात प्लायवूडच्या भिंती उभ्या करतो, त्यांना रंग देतो, मागून लाकडाचे टेकू लावतो, टेकूंवर वाळूच्या पिशव्या ठेवतो. समोरून बघशील तर मोठं श्रीमंताचं घर, मागून बघशील तर वखार. जिना आहे, तो वर जाऊन थांबतो. पुस्तकांचं कपाट आहे, त्यात पुस्तकांच्या नुसत्या पाठी चिकटवलेल्या. खिडकीबाहेर आकाश आहे, त्याला सुरकुत्या पडल्या तर इस्त्री करतात. असल्या घरात रोज रडारड चालते आणि लोक ती आपापल्या घरी जेवताना बघतात. एवढं मोठं घर बांधणारा माझा मुलगा, पण आमच्या न्हाणीघराचं दार अजून लागत नाही.

एका दिवसाचे दोन झाले, खुर्ची आली नाही. मी विचारलं, तर तो आंघोळीला पळाला. मग सुनेने त्याच्याकडून काढून घेतलं. झालं असं, की त्या कामात एक नियम आहे. जी वस्तू एकदा कॅमेऱ्याला दिसली, ती हलवायची नाही. काल घरात खुर्ची होती आणि आज नाही, असं बघणाऱ्याला दिसलं तर तो जेवण सोडून फोन करतो. त्याला काहीतरी लांबलचक इंग्रजी नाव आहे, ते माझ्या नव्या दातांत अडकतं. हा नियम पाळायला तिथे एक मुलगी ठेवली आहे, तिला मी फोटोवाली म्हणते. ती प्रत्येक खोलीचे फोटो काढून ठेवते आणि कपातल्या चहाची रेघ जरी खाली गेली तरी ओरडते. तर माझी खुर्ची कॅमेऱ्याला दिसली. नुसती दिसली नाही, घरातली थोरली सून, जी सारखी रडते (तिला मी रडूबाई म्हणते), ती त्या खुर्चीच्या पाठीला धरून रडली. संपलं! आता ते घर मोडेपर्यंत खुर्ची तिथून हलणार नाही. आणि घर कधी मोडणार? मालिका संपेल तेव्हा. आणि मालिका कधी संपणार? ते मालिका करणाऱ्यालाही माहीत नसतं.

रोज संध्याकाळी मुलगा घरी आला, की मी विचारायची, "पडलं का रे घर?" तो म्हणायचा, "नाही गं आई, उलट आज आणखी एक खोली वाढवली."

मी काही दिवस काढले. लोखंडी स्टुलावर बसून पाहिलं, त्याला पाठ नाही. पलंगावर बसले की झोप लागते, आणि सून विचारते, बरं नाही का? मग एका दुपारी घरात कुणी नव्हतं, मी सोफ्याच्या अगदी कडेला, पाखरासारखी टेकले. नुसती टेकले, तरी त्याने मला आत घेतलं. तेवढ्यात दारावरची घंटा वाजली. मी ओरडले, आले आले! कुठली येणार? तिकडे स्वयंपाकघरात दूध वर आलं. मला दिसत होतं, दारातून सरळ दिसत होतं. आधी साय हलली, मग फुगली, मग ते सगळं शेगडीवर. वास सुटला, धूर झाला, घंटा वाजवणारा निघून गेला आणि मी आपली मऊ मऊ गाद्यांत, महाराणीसारखी, स्वतःच्या घराकडे बघत बसले. सून आली तेव्हा भांडं काळं होतं. बिचारीने ते आपलं आपण घासून ठेवलं. (हे तिने लिहायला सांगितलेलं नाही, मी सांगते आहे.) पण त्याच संध्याकाळी मी ठरवलं, की खुर्ची जाऊन आणायची. नियम त्यांचा, गुडघे माझे.

दुसऱ्या दिवशी नातीला सुट्टी होती. तिला म्हटलं, चल. ती म्हणाली, "आजी, सेटवर जायचं तर अशी नको, थांब, तुझे केस सेट करते." म्हणजे सेटवर जायला सेट होऊन जायचं. तिने माझ्या डोक्यावर लाटा काढल्या. मी आरशात पाहिलं आणि ओशाळून घरातल्या घरात पदर सारखा केला. कवळी दुखत होती, ती वाटेत काढून रुमालात बांधली. दारावरच्या रखवालदाराने विचारलं, कोण तुम्ही? मी म्हटलं, हे घर ज्याने बांधलं त्याची आई. तो उठून उभा राहिला. त्याचं स्टूल मात्र उंचीला चांगलं होतं.

आत काळोख, वायरींचं जंजाळ, माणसं इकडून तिकडे धावताहेत आणि सगळे एकमेकांना गप्प राहा म्हणून ओरडताहेत. नात कुणाचे तरी केस बघायला थांबली. मी भिंत धरून पुढे गेले, एक कोपरा वळले, आणि समोर खुर्ची! त्या खोट्या खिडकीपाशी, इस्त्रीच्या आकाशाखाली, उसवलेला हात पुढे करून बसलेली. छोटू, मला भरून आलं. मी गेले आणि बसले. एकदा उठून पाहिलं, उठता आलं. पुन्हा बसले. चालून चालून पायांचे तुकडे पडले होते, दिव्यांची ऊब छान लागत होती, जरा डोळा लागला.

जाग आली ती काचेच्या आवाजाने. रडूबाईंनी भांड्यांनी भरलेलं काचेचं कपाट ढकलून दिलं होतं आणि त्या काचांमध्ये उभ्या राहून त्या अशा रडत होत्या, की मलाही रडू फुटलं. मी डोळे पुसले आणि पुन्हा मिटले. मला वाटलं, तालीम असेल. मग एक माणूस ओरडला, "कट! वा! वा! असं रडणं पुन्हा होणे नाही!" तो तिथला सगळ्यांत मोठा, त्याला माझ्या मनात मी भोंगा नाव ठेवलं आहे. टाळ्या झाल्या. मग फोटोवालीने छोट्या पडद्यावर ते चित्र परत लावून पाहिलं आणि किंचाळली, "खुर्चीवर ही कोण?"

कुणालाच माहीत नव्हतं. कॅमेरावाल्याला वाटलं, भोंग्याने आणून बसवली. भोंग्याला वाटलं, गोष्ट लिहिणाऱ्याने लिहिली. गोष्ट लिहिणारा त्या दिवशी आलाच नव्हता. आणि माझा मुलगा भिंतीच्या मागे पाठ लावून उभा होता, कारण कपाट पडताना भिंत पडू द्यायची नव्हती. तो वाकून बघतो तर काय, आई! त्याच्या तोंडचं पाणी पळालं. आता पुन्हा करायचं म्हटलं तर कपाट एकच होतं, त्याचा चुरा झालेला, आणि रडूबाई म्हणाल्या, मी दुसऱ्यांदा तसं रडू शकत नाही, माझं आतलं सगळं संपलं. भोंगा डोक्याला हात लावून बसला. मी म्हटलं, "बाबा, तू एवढा त्रास करून घेऊ नकोस, मी माझी खुर्ची घेते आणि जाते." तर फोटोवाली माझ्या आडवी आली. "नाही हो आजी! तुम्ही आता दिसलात!"

झालं. खुर्ची सोडवायला गेले आणि मीच अडकले. गोष्ट लिहिणाऱ्याला फोन लावला, त्याने फोनवरच ठरवलं, की मी त्या खोट्या घरातल्या मालकाची आत्या. पण आत्या इतके दिवस होती कुठे? तर आतल्या खोलीत. आणि बोलत का नाही? तर जुन्या धक्क्याने वाचा गेली. आणि उठत का नाही? तर पायही गेले. बघ माझं नशीब! जिच्यावरून मला उठता येतं म्हणून मी जीव टाकते, त्याच खुर्चीवर मी उठता न येणारी बाई म्हणून बसायचं.

तेव्हापासून मी रोज मुलाबरोबर कामाला जाते. करायचं काहीच नाही. बसायचं, डोळे कधी उघडे, कधी मिटलेले. पण पहिल्या दिवशी जशी दिसले तशीच रोज दिसायला हवं. म्हणजे तीच शाल, त्याच लाटा (नात उठता उठता माझ्या डोक्याला लागते आणि फोटोवाली फोटो बघून एकेक लाट मोजते), आणि दात नाहीत. नवीन कवळी सेट व्हायची तर सतत घालायला हवी, असं डॉक्टर म्हणतो. आणि घातली तर आत्याचं तोंड बदलतं, असं फोटोवाली म्हणते. मी ती खुर्चीखाली डबीत ठेवते. एकदा रडूबाई माझ्या पायाशी रडायला बसल्या आणि हात टेकायला म्हणून त्यांनी ती डबी धरली, आणि ती उघडली. त्या दिवशी त्यांनी जो आवाज काढला, तो भोंग्याला इतका आवडला की तसाच ठेवला.

आता सोमवारचं. गोष्ट लिहिणाऱ्याच्या म्हणण्याप्रमाणे मालिका थंडावली आहे, कुणीतरी गेलं पाहिजे. रडूबाई जाऊ शकत नाहीत, मालक जाऊ शकत नाही. मग उरलं कोण? सोमवारी दुष्ट धाकटा दीर भिंत पाडणार आणि त्या धक्क्याने आत्या प्राण सोडणार. मुलाने त्यासाठी मुद्दाम वेगळी भिंत केली आहे, दोरी ओढली की एकदाच, पण सुंदर पडेल अशी. मला फक्त मान टाकायची आहे. घरात सगळ्यांना आनंद झाला. मुलगा म्हणाला, "आई, सुटलीस! आत्याची खोली मोडली की त्याच दिवशी खुर्ची घरी आणतो." सुनेने खिडकीपाशी जागा केली, सोफ्याचा एक लहान तुकडा आत ढकलला. मीही म्हटलं, बरं झालं बाई. या वयात रोज उठून कुठे जायचं? गोदामात वारा नाही, चहा गोड असतो, आणि दिवसभर दुसऱ्याचं रडणं बघून माणूस अपसेट होतो (हाही त्यांचाच शब्द, त्याच सुरीची उलटी बाजू). खुर्ची घरी येईल, मी तिच्यावर निवांत बसेन, हवं तेव्हा उठेन, दुधाकडे बघेन. मला दुसरं काही नको. तेव्हा मंगळवारी मालिकेत माझा फोटो हार घातलेला दिसला तर रडत बसू नकोस, आणि मुख्य म्हणजे विसरून आमच्याकडे भेटायला येऊ नकोस.

सगळ्यांना आशीर्वाद. सुनेची चप्पल पाठव.

तुझी ताई

ता. क. सून पत्र पेटीत टाकायला निघणार तोच सोमवार आला, म्हणून पुढचं लिहून घेते. मी मेले नाही. झालं असं, की भिंत फारच छान पडली. एवढा आवाज होईल असं मला कुणी सांगितलं नव्हतं. धूळ उडाली, माझी छाती धडधडली, आणि मान टाकायच्या ऐवजी घाबरून मी उभी राहिले. हात टेकले, नाक पुढे निघालं, आणि उभी! नुसती उभी नाही, चार पावलं चालत दारापर्यंत गेले. रडूबाई "आत्या!" म्हणून ओरडल्या, त्या खरंच दचकल्या होत्या. भोंगा "कट" म्हणायचंच विसरला. भिंत एकच होती आणि ती पडली होती. फोटोवाली जवळ येऊन हळूच म्हणाली, "आजी, आता तुम्ही चालताना दिसलात." मुलगा फार खट्टू झाला. म्हणाला, "आई, एवढी मान टाकली असतीस तर आज खुर्ची घरी आली असती." मी म्हटलं, बाबा, म्हातारं माणूस, घाबरलं. सून मला फार जपते आहे, आज तिने दोनदा विचारलं, धडधड थांबली का.

ता. क. दुसरं. हे नातीकडून लिहून घेते आहे, सून भाजी आणायला गेली आहे. मी घाबरले नव्हते. घाबरून असं उठता येत नाही, छोटू. रविवारभर घरात कुणाचं लक्ष नसताना मी सोफ्यावरून उठायचा सराव करत होते. सोफ्यावरून जमलं तर खुर्चीवरून डोळे मिटून जमेल. (जमलं. सोफ्यावरूनही जमतं आता, पण घरात सांगू नकोस.) मुलगा काल म्हणाला, तुझ्या मापाची हुबेहूब दुसरी खुर्ची घरासाठी करून देतो, ठोकळे तसेच वाकडे ठोकतो. मी म्हटलं, नको. त्याला कारण सांगितलं नाही, तुला सांगते. अरे, घरी खुर्ची आली तर मी तिकडे कशाला जाऊ? सकाळी एकदा ही सगळी आपापल्या कामाला गेली, की या घरात मी असते आणि दूध असतं. तिकडे मी खुर्चीवर बसल्याशिवाय कुणी काही सुरू करत नाही. सगळे दिवे लावून थांबतात, छोटू. फोटोवाली विचारते, आजी, बसलात ना? मी हो म्हणते, मग चालू होतं.

आता काम ऐक. भोंगा म्हणाला आहे, आत्या चालू लागली हे बघणाऱ्यांना आवडलं तर तिला ठेवू, बोलायलाही लावू, नाहीतर पुढच्या महिन्यात जिन्यावरून पाडू. तो जिना मला माहीत आहे, वर काही नाही. तेव्हा तू एक पत्र लिही, तुझ्या बायकोला एक लिहायला सांग, आणि शेजारपाजारच्यांकडून होतील तेवढी लिहून घे. आत्या बऱ्या झाल्या हे पाहून आमच्या घरात किती समाधान झालं, असं लिहायचं. अक्षर वेगवेगळं हवं. आणि कृपा करून "माझ्या ताईला मारू नका" असं लिहून बसू नकोस, "आत्याबाईंना" असं लिही. पत्ता नात खाली घालते आहे. हे वाचून झालं की लगेच लिहायला बस, जेवायच्या आधी. जेवलास की गेलं.

ता. क. तिसरं. तुझ्याकडची सुकी अंजिरं पाठव. चांगली मऊ बघून घे, पाठवायच्या आधी एक स्वतः खाऊन बघ, एकच. दोन माणसं बोलत असली की कॅमेरा माझ्याकडे नसतो, तेव्हा एखादं तोंडात टाकता येतं. कागदात किंवा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालू नकोस, चुरचुर आवाज होतो आणि तो माइकमध्ये जातो. धुतलेल्या सुती कापडात सैल गाठ मारून बांध. आणि मूठभर पाठवून मोकळा होऊ नकोस. वर्षभर पुरतील एवढी पाठव.